दमलेलं हृदय आणि कॅल्शियमचा निचरा

“हृदय आधीच कमजोर झालंय म्हनत्यात, आन् गोळी दिलीया ती त्येला आनखी सावकाश चालवायची. ह्यो कसला इलाज गं?”

मामांनी हे विचारलं तेव्हा आम्ही कवठेमहांकाळ तालुक्यातल्या त्यांच्या द्राक्षबागेत, शेततळ्याच्या बांधावर बसलो होतो. मी मिरजेत नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. त्यामुळे घरात कुणाचाही रिपोर्ट आला की त्याचा फोटो आधी माझ्या मोबाइलवर येतो. मामांच्या टूडी एकोवर ‘पंपिंग ३० टक्के’ असं लिहिलेलं होतं. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती एका ठोक्यात बाहेर ढकललं जातं, त्याचं हे माप. निरोगी माणसात ते साधारण ५५ ते ७० टक्के असतं.

मामांची शाळा सातवीत सुटली, पण प्रश्न त्यांनी नेमका विचारला. जगभरच्या हृदयतज्ज्ञांना हाच प्रश्न पडला होता आणि त्याचा निकाल लागायला विसाव्या शतकाची शेवटची पंचवीस वर्षं गेली. त्याचं उत्तर हृदयाच्या एकेका पेशीत, तिथल्या कॅल्शियमच्या ये-जामध्ये आहे. मामांना जसं सांगितलं तसंच इथे सांगते, थोडी भर घालून.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. म्हणून डॉक्टरांच्या तोंडून ‘हार्ट फेल्युअर’ ऐकलं की दवाखान्याच्या व्हरांड्यातच रडारड सुरू होते. मामींचं तसंच झालं होतं. पण या आजारात हृदय बंद पडलेलं नसतं. ते चालू असतं, मात्र शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलायला कमी पडतं. पुढे न गेलेल्या रक्ताचा दाब मागे साठतो आणि फुफ्फुसांत, पायांत पाणी उतरतं. मग घोट्यांवर सूज येते, चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, रात्री आडवं झालं की गुदमरतं आणि उशीवर उशी चढवावी लागते. कारणं अनेक: येऊन गेलेला अटॅक, वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं बीपी, शुगर, दारू, झडपांचे आजार. मामांना तीन वर्षांपूर्वी अटॅक आला होता. त्यात मेलेल्या भागाचा व्रण झाला आणि सगळं ओझं उरलेल्या पेशींवर पडलं. ‘हृदय निकामी होणे’ हा पुस्तकी शब्द मी वापरत नाही. मी ‘दमलेलं हृदय’ म्हणते. त्या उरलेल्या पेशी जिवंत असतात, राबत असतात. बिघडलेली असते ती त्यांच्या आतली व्यवस्था.

कॅल्शियमचं नाव काढताच मामी म्हणाल्या, “मग माझ्या हाडाच्या गोळ्या ह्यांना पण चालू करू का?” हा गैरसमज इतका सर्रास आहे की त्यावर थांबायलाच हवं. शरीरातलं बहुतेक सगळं कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात असतं ते फार थोडं, आणि त्याचं प्रमाण गळ्यातल्या चार बारीक ग्रंथी डोळ्यांत तेल घालून सांभाळतात: १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. कमी पडलं तर हाडांतून काढतात, जास्त झालं तर लघवीवाटे जाऊ देतात. रक्तवाहिनीत ‘कॅल्शियम साठलंय’ असं अँजिओग्राफीच्या वेळी डॉक्टर म्हणतात ते आणखी वेगळं. ते नळीच्या भिंतीत बसलेलं चुन्यासारखं कठीण कॅल्शियम. मी ज्याविषयी बोलते आहे ते तिसरंच. ते पेशीच्या आत, क्षणभर वर येऊन क्षणात खाली जाणारं. दमलेल्या हृदयात कॅल्शियमचा दुष्काळ पडलेला नसतो. पाणी भरपूर असतं, वाटप बिघडलेलं असतं. त्यामुळे गोळ्या खाऊन ते सुधारत नाही आणि हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी या भीतीनं बंद करण्याचंही कारण नाही.

कॅल्शियमशिवाय हृदय चालत नाही हे कळलं त्याची हकीकत मी दरवर्षी वर्गात सांगते. लंडनमधले डॉक्टर सिडनी रिंगर १८८०च्या सुमारास बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. हृदय छान चालत होतं. पुढे लक्षात आलं की त्यांच्या मदतनिसानं द्रावण डिस्टिल्ड वॉटरमध्ये बनवलेलंच नव्हतं, सरळ नळाचं पाणी वापरलं होतं. शुद्ध पाण्यात द्रावण बनवून पाहिलं तर ठोके क्षीण होत होत थांबले. लंडनच्या नळाच्या पाण्यात चुना होता, म्हणजेच कॅल्शियम. ते परत घातलं आणि हृदय पुन्हा चालू लागलं. १८८३ साली रिंगर यांनी हे छापलं. आपल्याकडे कुठल्याही दवाखान्यात स्टँडला टांगलेली ‘आरएल’ची बाटली असते ना, तिच्यातला ‘आर’ म्हणजे हेच रिंगर. त्या सलाइनमध्ये आजही थोडं कॅल्शियम असतं.

आता पेशीच्या आत जाऊ. हृदयाच्या स्नायूची एक पेशी साधारण एक दशांश मिलिमीटर लांब असते. डाव्या कप्प्यात अशा अब्जावधी पेशी असतात. प्रत्येक ठोक्याला त्या सगळ्यांनी एकदम आवळायचं आणि एकदम सैल व्हायचं, दिवसातून लाखभर वेळा. आवळण्याचा हुकूम कॅल्शियम देतं. पेशी सैल असते तेव्हा तिच्या आत मोकळं कॅल्शियम जवळजवळ नसतंच. बाहेरच्या प्रमाणाच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा. मामांना मी म्हटलं, पुराच्या वेळी कृष्णेचं पाणी धक्क्याला लागलंय आणि धक्क्याच्या आतली जमीन कोरडी ठणठणीत आहे, असं समजा. दरवाजा किंचित किलकिला झाला तरी पाणी आत घुसणार. आत यायला पाण्याला कुणी सांगावं लागत नाही. खर्च येतो तो बाहेर काढायला.

प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला विजेची लहर पेशीच्या पृष्ठभागावरून धावते. हा पृष्ठभाग सपाट नसतो. दर दोन मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागांवर, तो आत वळून बारीक बोगदे तयार करतो आणि ते पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचतात. मुख्य कालव्यातून पोटचाऱ्या निघून प्रत्येक वाफ्यापर्यंत जाव्यात तशा. वीज या पोटचाऱ्यांतून आत उतरते, त्यांच्या भिंतीतले छोटे दरवाजे उघडतात आणि बाहेरचं थोडं कॅल्शियम आत येतं. पण तेवढ्यानं पेशी नीट आवळत नाही. ती नुसती हाक असते. खरा साठा पेशीच्या आत एका जाळीदार पिशवीत असतो. तिचं शास्त्रीय नाव सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम. मामांसाठी मी तिचं नाव ‘पेशीतलं शेततळं’ ठेवलं, आणि आता वर्गातही तेच वापरते. या तळ्याचे व्हॉल्व्ह पोटचारीच्या दरवाज्यांसमोर अगदी चिकटून असतात. मधलं अंतर केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्श्याएवढं. बाहेरून आलेलं चिमूटभर कॅल्शियम या व्हॉल्व्हला लागलं की ते उघडतात आणि तळ्यातलं कॅल्शियम भसकन बाहेर येतं. कॅल्शियमनंच कॅल्शियम सोडवायचं, अशी ही रचना.

सुटलेलं कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात हे प्रथिन शोधलं. अटॅकच्या संशयात रक्तात जी ‘ट्रोपोनिन’ तपासतात, तिच्यातली प्रथिनं याच कुटुंबातली. कॅल्शियम चिकटलं की ट्रोपोनिन आपली जागा बदलतं, स्नायूच्या दोन प्रकारच्या तंतूंमधला अडसर दूर होतो, तंतू एकमेकांवर सरकतात आणि पेशी आवळते. ठोका पडला.

इथपर्यंतचं सगळ्यांना लवकर समजतं. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे आहे आणि ती सांगायला आपण कमी पडतो. ठोका म्हणजे आवळणं, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. सैल होणं म्हणजे काम संपल्यावरचा आराम वाटतो. तसं नाही. शेतात पाणी सोडलं की ते मुरतं, आपल्याला पुढे काही करावं लागत नाही. पेशीत ते मुरू देऊन चालत नाही. सोडलेलं सगळं कॅल्शियम पुढच्या ठोक्याच्या आत परत उपसून काढावं लागतं. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर एका ठोक्याच्या वाट्याला ०.८ सेकंद येतो. त्यातला अर्ध्याहून अधिक वेळ सैल होण्यासाठी, आणि त्याच वेळात हृदयात नवं रक्त भरायचं असतं. कॅल्शियम आत रेंगाळलं तर पेशी सैल होत नाही, हृदय नीट उघडत नाही आणि रक्त भरायला जागा होत नाही.

हा उपसा दोन पंप करतात. पहिला शेततळ्याच्या काठावरचा, नाव ‘सर्का’. आपल्या हृदयात साधारण ७० टक्के कॅल्शियम तोच परत तळ्यात भरतो. म्हैसाळला कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून दुष्काळी भागात चढवतात, त्यासाठी वीज लागते. सर्कालाही लागते. त्याची वीज म्हणजे एटीपी नावाचं पेशीचं इंधन. या पंपाला एक ब्रेकही असतो, फॉस्फोलॅम्बन नावाचा. धावपळीच्या वेळी शरीर हा ब्रेक सैल करतं, पंप जोरात चालतो, हृदय पटकन उघडतं. दुसरा पंप पेशीच्या बाहेरच्या भिंतीत असतो. तो उरलेल्यापैकी बहुतेक कॅल्शियम पेशीबाहेर टाकतो, आणि त्यासाठी एका कॅल्शियमच्या बदल्यात सोडियमचे तीन कण आत घेतो. हा सौदा लक्षात ठेवा, पुढे त्याचंच दुखणं होणार आहे. निरोगी पेशीत हिशेब चोख असतो. पोटचारीतून जेवढं आलं तेवढंच बाहेर गेलं, तळ्यातून जेवढं सुटलं तेवढंच तळ्यात परतलं.

दमलेल्या हृदयात हा हिशेब चुकतो.

सर्का पंपांची संख्या घटते. जे उरतात त्यांच्यावरचा ब्रेक नीट सुटत नाही. भरीला इंधनही कमी पडतं, कारण या पेशी ऊर्जेच्या बाबतीत अर्धपोटी असतात. म्हणजे मोटर जुनी आणि व्होल्टेजही कमी. तिकडे तळ्याचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत आणि दोन ठोक्यांच्या मध्ये, जेव्हा थेंबही सुटायला नको, तेव्हा कॅल्शियम झिरपत राहतं. शेततळ्याचा कागद एका कोपऱ्यात फाटला की रात्रभर मोटर चालवूनही सकाळी पाणी दोन फूट खाली गेलेलं असतं. मामांनी हे दोन वर्षांपूर्वीच सोसलेलं, त्यामुळे मला पुढे बोलावंच लागलं नाही. हे व्हॉल्व्ह कोणत्या रासायनिक बदलामुळे गळू लागतात यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला आहे, पण गळती होते हे निश्चित.

पोटचाऱ्याही मोडतात. काही बुजतात, काही वेड्यावाकड्या पसरतात. मग पेशीतल्या कित्येक व्हॉल्व्हच्या समोर दरवाजाच राहत नाही, हाक तिथपर्यंत पोचत नाही. कालव्याला पाणी सुटलंय पण शेवटच्या वाफ्याला मिळत नाही, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. काही व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, काही उशिरा, काही उघडतच नाहीत. पेशीचा ठोका एकसंध राहत नाही.

या सगळ्याचा परिणाम दुहेरी होतो. ठोक्याच्या वेळी तळ्यातून कमी कॅल्शियम सुटतं, म्हणून आवळणं कमजोर. आणि ठोका संपल्यावर कॅल्शियम वेळेत हटत नाही, म्हणून सैल होणं अपुरं. आपल्याकडे कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत पाण्यानं चिबडलेल्या जमिनी आहेत. तिथे पाणी आहे, पण निचरा नाही म्हणून पीक येत नाही. आणि त्याच वेळी पूर्व भागातली तळी रिकामी असतात. दमलेल्या पेशीत दोन्ही एकाच ठिकाणी घडतं: तळं रिकामं आणि शेत चिबडलेलं. मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजी निचऱ्याचा रोग हाय.” इतकं नेमकं मला वर्गात कधी सुचलं नव्हतं.

हे कुणी डोळ्यांनी पाहिलं का, असं विद्यार्थिनी विचारतात. पाहिलं आहे, आणि तेही एका समुद्री जेलीफिशच्या मदतीनं. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली एका जेलीफिशमधून एक्वोरिन नावाचं प्रथिन वेगळं केलं. कॅल्शियम लागलं की ते निळं चमकतं. त्याच जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. हृदयप्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या आजारी हृदयांच्या स्नायूंत हे एक्वोरिन घालून १९८७ साली अमेरिकेत मोजमाप झालं. निरोगी स्नायूत चमक झटकन चढून झटकन उतरते. आजारी स्नायूत ती उतरायला खूपच जास्त वेळ घेते. माणसाच्या दमलेल्या हृदयात कॅल्शियमचा निचरा रेंगाळतो याचा तो उघड पुरावा होता.

आता मामांच्या प्रश्नाकडे येता येतं.

निरोगी हृदयाची एक खुबी आहे. ठोके जसे वाढतात तसा प्रत्येक ठोक्याचा जोरही वाढतो. १८७१ साली हेन्री बाउडिच यांनी बेडकाच्या हृदयात हे पहिल्यांदा नोंदवलं. कारण सोपं आहे: दरवाजे वारंवार उघडले की पेशीत कॅल्शियम जास्त येतं, आणि पंप तगडा असेल तर ते सगळं तळ्यात जाऊन साठा वाढतो. दमलेल्या हृदयात हेच उलटं होतं. ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला वेळ घटतो, आणि जो वेळ घटतो तो मुख्यतः सैल होण्याचा. मिनिटाला १२० ठोके म्हणजे एका ठोक्याला अर्धा सेकंद. मंद पंपाला तेवढ्यात तळं भरता येत नाही. पुढचा ठोका अर्ध्या तळ्यावर पडतो, त्याच्या पुढचा त्याहून कमी. हृदय जितकं धावतं तितकं दुबळं होतं. मामांना सपाटीला ठीक वाटतं आणि बांध चढताना छाती भरून येते, त्याचं एक मोठं कारण हे. थ्री-फेज आठ तास, मोटर जुनी आणि ड्रिप दिवसातून चार वेळा सोडायची म्हटलं तर चौथ्या वेळी नळीतून काय येणार? पाळी लांबवली तर प्रत्येक वेळी दाबानं येईल.

ठोके सावकाश करण्यामागचं हे पहिलं कारण. दुसरं त्याहून खोल आहे. हृदय कमी पडतंय हे शरीराच्या लक्षात येतं तेव्हा ते अॅड्रेनलिनसारखी रसायनं सोडून हृदयाला हाकतं. ही रसायनं दरवाजे जास्त उघडतात, पंपावरचा ब्रेक सोडवतात, ठोके वाढवतात. जिवावर बेतलं असताना तासाभरासाठी हे वरदान आहे. पण दमलेल्या हृदयात ते महिनोन्महिने, रात्रंदिवस चालतं. उसाच्या गाडीचा बैल चढावर अडला तर चाबकानं तो एकदा चढ चढून जाईल. पूर्ण गळीत हंगाम त्याला चाबकावर चालवता येत नाही. सततच्या हाकण्यानं इंधन संपतं, व्हॉल्व्हची गळती वाढते, नवे पंप बनण्याचं काम मंदावतं. शेवटी पेशी ही हाक ऐकणारे आपले कानच कमी करते.

एकेकाळी डॉक्टरांनाही चाबूक हाच उपाय वाटे. मिलरिनोन नावाचं हृदयाचा जोर वाढवणारं औषध आहे. १९९१ साली मोठ्या चाचणीत ते गोळीच्या रूपात दीर्घकाळ देऊन पाहिलं, तर गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त झाले. तिकडे स्वीडनमध्ये फिन वॉगस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७५ सालीच उलटा विचार मांडला होता. त्यांनी सात रुग्णांना अॅड्रेनलिनची हाक अडवणारी औषधं, म्हणजे बीटा ब्लॉकर, दिली आणि ते सुधारले. मामांची गोळी याच जातीतली. मामांना वाटलं तेच तेव्हाच्या तज्ज्ञांना वाटलं: कमजोर हृदयाला आणखी मंद करणं हा वेडेपणा आहे. वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकं या आजारात बीटा ब्लॉकर देऊ नका असंच सांगत राहिली. अखेर १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एक बिसोप्रोलॉलची, दुसरी मेटोप्रोलॉलची. दोन्हींत मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले. सात रुग्णांवरचं ते काम खरं ठरायला २४ वर्षं लागली. मला या वॉगस्टाइन यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

पण हे औषध घेण्याची एक रीत आहे आणि ती न पाळल्याचा भोग आमच्या घरानं भोगला. सुरुवात अगदी छोट्या डोसनं होते, मग दर दोनेक आठवड्यांनी तो हळूहळू वाढवतात. सुरुवातीला काही दिवस थकवाही जाणवतो, कारण चाबूक बंद झालेला असतो आणि पेशी अजून सावरलेल्या नसतात. मामांना वाटलं गोळीनंच अशक्तपणा आलाय. फळछाटणीची गडबड होती, मजूर मिळत नव्हते. त्यांनी कुणाला न विचारता गोळी सोडली आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खाल्ली. दहाव्या रात्री श्वास लागला म्हणून जीपमधून मिरजेला आणलं. ऑक्सिजन, लघवी होण्याची इंजेक्शनं, चार दिवस मुक्काम. बीटा ब्लॉकर चालू असताना पेशीचे कान हळूहळू परत आलेले असतात. गोळी एकदम तोडली की अडवून धरलेलं अॅड्रेनलिन त्या सगळ्या कानांवर एकाच वेळी कोसळतं. आणि दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात. दोन्ही चुका त्यांनी अजाणता केल्या. समजावून सांगण्याची जबाबदारी माझीही होती, आणि मी ‘गोळ्या वेळेवर घ्या’ एवढंच म्हटलं होतं.

तो सोडियमचा सौदा राहिला. गळक्या व्हॉल्व्हमधून दोन ठोक्यांच्या मध्ये कॅल्शियम झिरपलं की बाहेरच्या भिंतीतला पंप ते बाहेर टाकायला धावतो. एक कॅल्शियम बाहेर जाताना दोन विद्युतभार नेतं, तीन सोडियम आत येताना तीन आणतात. प्रत्येक सौद्यात एक भार आत जास्त. असे पुष्कळ सौदे एकदम झाले की पेशीत वीज साठते आणि वेळ आलेली नसताना ठोका पेटतो. छातीत धस्स होतं, एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, त्यामागे हे असू शकतं. बहुतेक वेळा ते तिथेच विरतं. पण व्रण पडलेल्या हृदयात ही ठिणगी वणव्यासारखी पसरू शकते, आणि या आजारात काही माणसं झोपेत किंवा बोलता बोलता अचानक जातात त्याचं हे एक कारण. म्हणून पंपिंग फार कमी असलेल्या काही रुग्णांना छातीत शॉक देणारं यंत्र बसवायला सांगतात. चक्कर येऊन पडणं किंवा शुद्ध हरपणं हे कधीही अंगावर काढू नये.

डिगॉक्सिन नावाचं हृदयाचं जुनं औषध याच सौद्यावर चालतं. ज्या डिजिटॅलिस कुळातल्या वनस्पतीतून ते मिळतं, त्याच कुळातली एक वनस्पती इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली वैद्यकात आणली. ते पेशीत सोडियम थोडं वाढू देतं, मग भिंतीतला पंप कॅल्शियम कमी बाहेर टाकतो आणि ठोक्याला जोर येतो. १९९७च्या मोठ्या चाचणीत त्यानं दवाखान्याच्या फेऱ्या कमी केल्या, आयुष्य वाढवलं नाही. आज ते मोजक्यांनाच देतात. उलट बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम या गोळ्या पोटचारीचे दरवाजेच अडवतात. पंपिंग कमी असलेल्या हृदयाला त्या सोसत नाहीत. शेजाऱ्याची बीपीची गोळी आपल्याला चालेल असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

सगळं ऐकून झाल्यावर मामांनी विचारलं, “मग सरळ नवी मोटरच का बसवत न्हाईत?”

तेही करून पाहिलं आहे. सर्का पंप बनवण्याचा जनुकीय आराखडा एका निरुपद्रवी विषाणूत भरून तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सोडायचा, म्हणजे पेशी नवे पंप बनवतील, अशी कल्पना होती. प्राण्यांमध्ये फार चांगले निकाल आले. माणसांवरच्या छोट्या चाचणीनंही आशा दाखवली. मग २५० रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि २०१६ साली तिचा निकाल छापून आला: काहीही फरक नाही. ज्या थोड्या रुग्णांच्या हृदयाचा तुकडा तपासता आला, त्यांच्यात त्या आराखड्याच्या प्रती अगदीच तुरळक सापडल्या. मोटर चुकीची नव्हती, ती विहिरीपर्यंत पोचलीच नव्हती. ती नीट पोचवणारा विषाणू शोधण्याचं काम चालू आहे.

त्याआधीच, २००२ साली, अमेरिकेत आणखी एक गोष्ट दिसली होती. दमलेल्या हृदयाच्या रुग्णांना बीटा ब्लॉकर सुरू करण्याआधी आणि काही महिन्यांनंतर हृदयाचा सुईएवढा तुकडा काढून तपासला. ज्यांचं पंपिंग सुधारलं होतं, त्यांच्या पेशींत सर्का पंप बनवण्याचा संदेश वाढलेला होता. चाबूक थांबल्यावर पेशी आपली मोटर स्वतःच बनवायला लागल्या होत्या.

मामांनी हे दोनदा सांगायला लावलं. मग शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि त्यातली ती बारीक पांढरी गोळी कोणती, ते मला बोटानं दाखवायला सांगितलं.